कॅटलियाच्या पाकळ्यांवर रंगाचे ओरखडे आलेत, व्हायरस आहे की नाही ते कसं ओळखायचं?

कुंडीवाली
नमस्कार मंडळी, जरा घाबरून लिहितेय त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या. माझ्याकडे एक कॅटलिया ऑर्किड आहे, पाच-सहा वर्षं झाली, दरवर्षी एकसारखी जांभळट गुलाबी फुलं देते. या वेळी दोन फुलं उमलली आणि रंग असा काही आलाय की कुणीतरी ओला ब्रश फिरवून मधेच सोडून दिल्यासारखा. एका पाकळीवर गडद रेघ, तिच्या शेजारी पांढुरका ठिगळ, समोरच्या पाकळीवर तसलं काहीच नाही. मला आधी ते छानच वाटलं हो, फोटो टाकला, लोकांनी वा वा केलं आणि मग एकाने हळूच लिहिलं की ताई व्हायरस तपासून घ्या. पोटात गोळाच आला.

त्यात शेजारच्या फॅलेनॉप्सिसच्या दोन पानांवर खड्डे पडल्यासारखे पिवळट डाग आहेत, आता तपकिरी व्हायला लागलेत. सगळी मिळून चाळीसेक ऑर्किड एकाच मांडणीवर आहेत आणि कात्री एकच, खरं सांगते, स्पिरिटने पुसते पण तेही आठवलं तर.

तर प्रश्न असे की नुसतं बघून कळतं का, त्या दोन रेघांच्या स्ट्रिप मिळतात त्यांच्यावर विश्वास ठेवायचा का लॅबलाच पाठवायचं, आणि सगळीच झाडं टाकून द्यावी लागतात का. शेवटच्याचं उत्तर जरा जपून द्या 😔

बागेतला_बाबू
एवढं टेन्शन नका घेऊ. पानं पिवळी म्हणजे दहापैकी नऊ वेळा मॅग्नेशियम कमी असतं, एप्सम सॉल्ट द्या. फुलाचा रंग ऊन कमीजास्त झालं की बदलतोच. माझ्या गुलाबाचं पण होतं असं.

जुनी_माती
बाबूराव, गुलाबाचं नंतर बघू, आधी ताईंच्या फुलाकडे बघा. ऊन जास्त किंवा कमी झालं की अख्खं फूल फिकं किंवा गडद होतं, ते एका पाकळीवर रेघ मारून दुसरी सोडत नाही. जे झाड पाच वर्षं एकरंगी फुलं देतंय त्याचा रंग अचानक असा फुटला, तोही डाव्या-उजव्या पाकळीचा मेळ न बसता, तर मी पहिला संशय व्हायरसचाच घेतो. कॅटलियात असा रंग फुटतो तो बहुतेक ओडोंटोग्लोसम रिंगस्पॉट व्हायरसने, लोक ओआरएसव्ही म्हणतात. दुसरा नेहमीचा म्हणजे सिम्बिडियम मोझॅक व्हायरस, त्यात फूल उमलताना चांगलं असतं आणि आठवडाभरात पाकळ्यांवर तपकिरी मेलेले चट्टे येतात. दोन्ही एकाच झाडात असू शकतात आणि तेव्हा हाल जास्त.

आता पानांचं. खताच्या कमतरतेला एक शिस्त असते. मॅग्नेशियम कमी पडलं की जुनी पानं आधी पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. लोह कमी पडलं की तेच नव्या पानांवर दिसतं. म्हणजे पानाचं वय बघितलं तरी अर्धं काम होतं. व्हायरसला असली शिस्त नाही, एका पानावर इथे चट्टा तिथे रेघ, शिरा ओलांडून गेलेला पोपटी ठिपका, पानाची एक बाजू वेगळी आणि दुसरी वेगळी. पान उजेडासमोर धरा, उलटं करून, मग हिरव्यातले फिके पट्टे दिसतात जे वरून बघताना दिसतच नाहीत.

तुमच्या फॅलेनॉप्सिसबद्दल मात्र मला वेगळीच शंका आहे. गरम झालेल्या पानावर गार पाणी पडलं की आतल्या पेशी कोसळतात आणि असेच खड्डे पडतात, आधी पिवळे मग तपकिरी. त्याची खूण म्हणजे डाग जिथे पाणी पडलं तिथेच असतात आणि नंतर येणारं पान स्वच्छ निघतं. पानाच्या खालच्या बाजूला भिंगातून पण बघा, चपटे कोळी असतील तर पृष्ठभाग चंदेरी खरबरीत दिसतो. आणि कोळी असले म्हणजे व्हायरस नाहीच असंही नाही बरं का, ऑर्किड फ्लेक नावाचा एक व्हायरस असे चपटे कोळीच पसरवतात.

बाकी तुम्हाला ते फूल छान वाटलं याची लाज बाळगू नका, माणसं शेकडो वर्षं हेच करत आलीत. ट्यूलिपच्या पाकळ्यांवर ज्वाळांसारखे पट्टे यायचे, क्लुसियस नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने ते १५७६ मध्येच लिहून ठेवलं होतं, पुढे नेदरलँड्समध्ये त्याच पट्टेवाल्या कंदांवर लोकांनी वेड्यासारखा पैसा लावला आणि १६३७ मध्ये तो बाजार बसला. ते पट्टे म्हणजे आजार आहे हे कळायला १९२८ उजाडलं. डोरोथी केली या बाईंनी पट्टेवाल्या कंदाचा तुकडा साध्या कंदाला जोडून दाखवलं की हे लागतं, आणि मग मावा ते पसरवतो हेही कळलं. ठिपक्याठिपक्यांच्या पानांचं अबुटिलॉन तर अजून लोक हौसेने लावतात, ते ठिपके म्हणजे अबुटिलॉन मोझॅक व्हायरस. होस्टाचंही तेच झालं, चितकबऱ्या पानांच्या काही जाती नवीन जात म्हणून विकल्या गेल्या आणि नंतर कळलं की तो होस्टा व्हायरस एक्स आहे.

कात्रीचं आत्ता ऐका, बाकी नंतर. स्पिरिटने हे व्हायरस मरत नाहीत. ओआरएसव्ही हा तंबाखूच्या मोझॅकच्या घराण्यातला, चिवट, वाळलेल्या रसात पण टिकून राहतो. पातं ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा, नाहीतर एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात भिजवा, नाहीतर सरळ प्रत्येक झाडाला नवं ब्लेड. या दोन व्हायरसना पसरायला किडा लागत नाही, आपले हात आणि आपली कात्री पुरते.

काचपट्टी
जुनी_माती यांनी बघण्याचं सगळं सांगितलंय. मी तपासणीच्या बाजूला काम करते म्हणून तेवढंच लिहिते, कारण आमच्याकडे येणारे निम्मे घोळ सॅम्पल घेतानाच झालेले असतात.

स्ट्रिप चांगली असते, वाईट नाही. पिशवीत द्रावण असतं, त्यात पानाचा नखाएवढा तुकडा टाकून बाहेरून चोळायचा, हिरवं पाणी सुटलं की पट्टी उभी करायची. वरची रेघ म्हणजे पट्टी नीट चालली याची खूण, खालची म्हणजे व्हायरस. वरची रेघ आलीच नाही तर खालचं काहीही बघू नका, ती पट्टी बाद. लोक काय करतात तर जास्त पान घातलं म्हणजे जास्त खात्री असं समजून अख्खं पान कोंबतात, रस एवढा घट्ट होतो की पट्टीवर चढतच नाही. सांगितलंय तेवढंच घाला.

पान कुठलं घ्यायचं? व्हायरस झाडात सारखा पसरलेला नसतो. एकाच स्यूडोबल्बच्या, म्हणजे ऑर्किडच्या फुगीर खोडाच्या, पानात भरपूर आणि शेजारच्यात नावाला, असं होतं. म्हणून मी पूर्ण वाढलेलं सगळ्यात नवं पान घेते आणि दुसरा तुकडा झाडाच्या दुसऱ्या टोकाकडून. वाळलेला डाग कापून पाठवू नका, मेलेल्या भागात शोधण्यासारखं फार काही राहिलेलं नसतं, डागाच्या कडेचा जिवंत भाग घ्या. आणि स्ट्रिप वाचवायला पाच झाडांचे तुकडे एका पिशवीत टाकायचा मोह होतो, त्यात रस पाचपट पातळ होतो आणि ज्याच्यात व्हायरस कमी आहे ते झाड अलगद सुटून जातं.

स्ट्रिपमध्ये जे होतं तेच लॅबमध्ये एलायझा म्हणून मोठ्या प्रमाणात होतं. ९६ खळ्यांची प्लेट असते, प्रत्येक खळ्यात एकेका झाडाचा रस, व्हायरसच्या प्रथिनाला धरणारी अँटिबॉडी आधीच तळाला चिकटवलेली. व्हायरस असेल तर शेवटी खळं पिवळं होतं. सोबत एक खात्रीचं आजारी आणि काही खात्रीची निरोगी सॅम्पल लावावीच लागतात, कारण पिवळं म्हणजे किती पिवळं ते निरोगी सॅम्पलशी ताडूनच ठरतं. साधारणपणे निरोगीच्या सरासरीच्या दुप्पट किंवा तिप्पट, ही रेघ प्रत्येक लॅब आपापली आखते.

याहून बारीक बघायचं तर आरटी-पीसीआर. व्हायरसचा आरएनए काढायचा, त्याचा डीएनए करायचा आणि तो लाखो पट वाढवायचा. थोडासा व्हायरस असला तरी सापडतो. पण ऑर्किडच्या पानात चिकट साखरी पदार्थ आणि पॉलिफेनॉल एवढे असतात की ते ही प्रक्रियाच अडवतात आणि मग निगेटिव्ह येतं, झाड स्वच्छ आहे म्हणून नाही तर मशीनला काही वाचताच आलं नाही म्हणून. त्यावर उपाय म्हणून आम्ही झाडाचाच एक जीन सोबत शोधतो, नॅड-५ वगैरे. तो दिसला आणि व्हायरस दिसला नाही तर त्या निगेटिव्हला अर्थ आहे. रिपोर्ट मागवलात तर आतला कंट्रोल चालला होता का हे विचाराच, कुणी नाक मुरडलं तरी विचारा.

आणि कुठलीही टेस्ट तुम्ही जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते हो. ती स्ट्रिप या दोन व्हायरसबद्दलच बोलतेय, ऑर्किड फ्लेक तिथे असला तरी ती गप्प बसणार.

फुलझाड_नवखा
मधेच विचारतो, माझ्या शेवंतीची रोपं बुटकी राहतायत, पानं लहान, फुलं पण लवकर येऊन बारीकच राहतात. मी पण एलायझा करून घेऊ का?

काचपट्टी
@फुलझाड_नवखा बुटकी शेवंती म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव क्रिसँथेमम स्टंट व्हिरॉइडचं येतं, आणि तिथे एलायझा काही कामाची नाही. व्हिरॉइड म्हणजे नुसता उघडा आरएनए, त्याच्यावर प्रथिनाचं कवचच नाही, मग अँटिबॉडी धरणार कशाला? आरटी-पीसीआरच करा. लॅबला शेवंती एवढंच न लिहिता बुटकेपणा, व्हिरॉइडचा संशय असं स्पष्ट लिहा, नाहीतर ते नेहमीचे व्हायरस बघून निगेटिव्ह लिहून मोकळे होतील. तोवर त्या रोपांच्या काड्या लावू नका.

डेलियावेडी
मला इथे माझी जखम उघडायचीच आहे 😅 तुम्ही सगळे खोट्या निगेटिव्हबद्दल बोलताय, मी खोट्या पॉझिटिव्हने भाजलेय. माझे डेलिया मी एका लॅबकडून पीसीआर करून घेतले, डेलिया मोझॅक पॉझिटिव्ह आले, अकरा कंद उपटून जाळले. त्यातले चार तर असे की पानाला साधा ओरखडा नाही, फुलं ताटाएवढी. नंतर वाचनात आलं की डेलियाच्या स्वतःच्या जीनोममध्येच, म्हणजे तिच्या आनुवंशिक डीएनएमध्येच, त्या व्हायरसच्या एका भावंडाचे तुकडे शिवलेले असतात, पिढ्यान्पिढ्या, आणि पीसीआर नीट आखलेली नसेल तर ती त्या तुकड्यांनाच व्हायरस समजते. म्हणजे मी बहुतेक चांगली झाडं जाळली. कुणालाही दोष देत नाही, मीच विचारलं नाही.

काचपट्टी
@डेलियावेडी ताई वाईट वाटलं वाचून, पण मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पेटुनियातही असं आहे, पेटुनिया व्हेन क्लिअरिंग व्हायरस तिच्या जीनोममध्ये झोपलेला असतो आणि झाडावर ताण आला की जागा होऊ शकतो. अशा झाडांत नुसता डीएनए सापडला म्हणून निकाल द्यायचा नसतो, लक्षणं आणि दुसऱ्या पद्धतीची टेस्ट दोन्ही जोडून बघायचं. ऑर्किडच्या या दोन व्हायरसमध्ये मात्र ही भानगड नाही, तिथे नीट कंट्रोल लावून पॉझिटिव्ह आलं तर ते पॉझिटिव्हच.

जुनी_माती
पेटुनियाचं नाव निघालंच आहे तर एक जुनी युक्ती लिहून ठेवतो, लॅबबिब काही नको. फुलकिडे जो इम्पेशन्स नेक्रोटिक स्पॉट व्हायरस पसरवतात तो आपल्याकडे शिरलाय का हे बघायला इतर कुंड्यांमध्ये दोन-चार पेटुनिया ठेवायच्या आणि त्यांची फुलं खुडत राहायची म्हणजे किडे पानांवर येतात. शेजारी निळा कागद उभा करायचा, निळ्यावर ते ओढले जातात. किड्यात व्हायरस असेल तर त्याने खाल्लेल्या पांढऱ्या खुणेभोवती तीन-चार दिवसांत काळपट तपकिरी ठिपका उमटतो. आणि गंमत म्हणजे व्हायरस त्या ठिपक्यातच अडकतो, पेटुनियाभर पसरत नाही, त्यामुळे पेटुनियाकडून पुढे लागायची भीती नाही. तुमच्या लॅबच्या आधीपासून लोक असंच ओळखायचे, एका झाडाचा रस दुसऱ्या झाडाच्या पानावर चोळून किती ठिपके येतात ते मोजायचे.

काचपट्टी
"तुमच्या लॅबच्या आधीपासून" 😄 आम्ही अजूनही करतो काका, एका कोपऱ्यात रस चोळून बघायला चिनोपोडियम या झाडाच्या कुंड्या असतातच.

बागेतला_बाबू
मी एप्सम सॉल्टवाला. कान पकडले. पण एक विचारू का, समजा पॉझिटिव्ह आलं तर औषध काहीच नाही? एवढं जुनं झाड टाकवत नाही हो.

जुनी_माती
फवारायचं औषध नाही. झाड बरं करायचा खरा मार्ग म्हणजे कोंबाच्या अगदी टोकाचा, मिलिमीटरचा काही भाग भरेल एवढासा तुकडा घेऊन टिश्यू कल्चर करणं, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत त्याचं नवं रोप वाढवणं, कारण तिथवर व्हायरस सहसा पोचलेला नसतो. मोरेल आणि मार्टिन या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं ते डेलियावरच, डेलियावेडी ताईंसाठी मुद्दाम सांगतोय. पण ते घरच्या ओट्यावर जमणारं काम नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा, तुकडा मोठा घेतला किंवा मूळ झाड तपासलंच नाही तर त्याच टिश्यू कल्चरने आजारी झाडाच्या हजार आजारी नकला निघतात. टिश्यू कल्चरचं आहे म्हणजे स्वच्छच, असं समजून झाड घेऊ नका.

टाकवत नसेल तर वेगळं ठेवा, त्याची कात्री वेगळी, कुंडी वेगळी, त्याच्या कुंडीतून निथळलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत जाता कामा नये, आणि पाणी घालताना ते झाड सगळ्यात शेवटी. मला विचाराल तर मी टाकतो. चाळीसातलं एक वाचवायला एकोणचाळीस टांगणीला लावण्यात मला अर्थ वाटत नाही, पण प्रत्येकाचा जीव कुठे अडकलाय ते ज्याचं त्याला माहीत.

कुंडीवाली
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. स्ट्रिप मागवल्या. पहिलीच वाया घालवली, काचपट्टी ताईंनी बजावूनही जरा जास्तच पान घातलं, वरची रेघ आलीच नाही, पट्टी नुसती हिरवीगार. मग शहाण्यासारखी मोजून तुकडे घेतले, प्रत्येक झाडाला नवं ब्लेड, नवे हातमोजे.

कॅटलिया ओआरएसव्ही पॉझिटिव्ह. खालची रेघ पाणी वर चढत असतानाच आली, वाट पण बघावी लागली नाही. फॅलेनॉप्सिस निगेटिव्ह, आणि त्याला आता नवीन पान येतंय ते एकदम नितळ आहे, म्हणजे गार पाणीच. मी सकाळी टाकीचं पाणी थेट पाइपने मारायचे, तेही बंद केलंय. भिंगातून बघितलं, कोळी नाहीत.

पण खरा धक्का पुढे. त्याच मांडणीवर एक पांढरं डेंड्रोबियम आहे, माझं सगळ्यात देखणं, एक डाग नाही, गेल्या वेळी तीन तुरे आले होते. उगाच आपलं सगळ्यांचं करतोय तर त्याचंही करू म्हणून केलं तर सिम्बिडियम मोझॅकची रेघ. फिकी होती म्हणून दुसऱ्या टोकाचं पान घेऊन परत केलं, तिथे ठळक आली. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून मी किती वेळ नुसती बघत बसले होते. एकाच झाडाच्या दोन पानांत एवढा फरक.

कॅटलिया टाकली. डेंड्रोबियम खिडकीत एकटं ठेवलंय, अजून हात होत नाहीये. बाकीच्यांपैकी चोवीस करून झाली, सगळी निगेटिव्ह, उरलेली या आठवड्यात करणार.

काचपट्टी
छान केलंत, दुसरं पान घेतलंत ते तर फारच छान. निगेटिव्ह आलेली चोवीस काही महिन्यांनी परत करा, नुकतीच लागण झालेली असेल तर सुरुवातीला व्हायरस एवढा कमी असतो की स्ट्रिपला दिसत नाही. आणि त्या दोन झाडांची विभागणी करून रोपं कुणाला दिली होती का?

कुंडीवाली
डेंड्रोबियमचा एक फुटवा गेल्या वर्षी मैत्रिणीला दिलाय. काल फोन केला तर म्हणाली अगं मस्त वाढलंय, मी पण त्याचे दोन करून बहिणीला आणि जावेला दिले. उरलेल्या स्ट्रिप घेऊन रविवारी जातेय तिच्याकडे.